नंबर कोणाचा, हात कोणाचा

माझ्या खटल्यांत फिर्यादी आणि आरोपी बहुधा एकमेकांना पहिल्यांदा न्यायालयातच पाहतात. मारामारीच्या किंवा शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणाच्या खटल्यात फिर्यादीला आरोपी दाखवायला सांगितले की त्याचा हात क्षणात वर जातो. पुष्कळदा आरोपी त्याचा भाऊबंदच असतो. सायबर गुन्ह्याच्या खटल्यात मात्र सरतपासात, म्हणजे आमच्याच साक्षीदाराला आम्ही प्रश्न विचारतो तेव्हा, "समोरच्या आरोपीला ओळखता का?" असे विचारले, तर लाखो रुपये गमावलेला माणूस चष्मा सावरत पिंजऱ्याकडे पाहतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, "न्हाई मॅडम, यांना मी आजच बघतोय." सुरुवातीच्या काळात दोन-तीनदा हे उत्तर पदरात पडल्यावर हा प्रश्न मी विचारणेच सोडून दिले.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर मी सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून काम पाहते. लोक 'सरकारी वकील' म्हणतात, तेही चालते. 'पोलिसांच्या वकीलबाई' म्हणतात, ते मात्र चालत नाही. अभियोग संचालनालय गृह विभागाखाली असले तरी आम्ही पोलिसांच्या हाताखाली नाही, आणि दोषारोपपत्र छाननीसाठी टेबलावर आले की ते परत पाठवण्याचे अप्रिय काम आम्हालाच करावे लागते. माझ्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या खटल्यांच्या यादीत, चोऱ्या, अपघात, जुगार असे सगळेच असते. पण गेल्या काही वर्षांत मोबाइल, बँक खाते आणि खोटे नाव यांचे खटले इतके वाढले आहेत की सहकारी ती दप्तरे परस्पर माझ्याकडे सरकवतात. पुढे ज्या खटल्यांविषयी लिहिले आहे, त्यांतील रकमा, गावे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की या खटल्यांत तंत्रज्ञान अवघड असेल. ते तितके अवघड नसते. पैसे कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेले, फोन कोणत्या सिमकार्डावरून आला, हे कागदावर बऱ्याच वेळा स्वच्छ दिसते. अवघड असते ते त्या नंबरामागे हात कोणाचा होता हे सिद्ध करणे. सिमकार्ड एकाच्या नावावर, हँडसेट दुसऱ्याचा, खाते तिसऱ्याचे आणि खात्याला जोडलेला नंबर चौथ्याच्या खिशात, अशी ही साखळी असते. पोलीस बहुधा तिसऱ्यापर्यंत पोहोचतात, कारण खात्याला पत्ता असतो.

असा एक तिसरा माणूस माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. उद्यमनगरातील एका फाउंड्रीला कच्चा माल पुरवणारा जुना व्यापारी परराज्यातला होता आणि देयकांचा सगळा व्यवहार ईमेलवर चालत असे. एके दिवशी त्या व्यापाऱ्याच्या नावाने पत्र आले की आमच्या जुन्या खात्याचे ऑडिट चालू असल्यामुळे या वेळची रक्कम सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावी. पत्राची भाषा तीच, बोधचिन्ह तेच, मागच्या देयकाचा क्रमांकही अचूक. फाउंड्रीच्या अकाउंटंटने अकरा लाख रुपये पाठवले. तिसऱ्या दिवशी खऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला, "पैसे कधी पाठवताय?" तपासात उघड झाले ते असे, की ईमेलच्या पत्त्यातील इंग्रजी 'एम' हे अक्षर काढून त्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारी शेजारी बसवली होती. पडद्यावर, विशेषतः मोबाइलच्या पडद्यावर, ती दोन अक्षरे मिळून हुबेहूब 'एम' दिसतात. मी तो कागद छाननीच्या वेळी हातात घेतला तेव्हा मलाही पहिल्या वाचनात फरक दिसला नव्हता. तपास अधिकाऱ्याने पेन्सिलीने खूण केली तेव्हा दिसला. पुढे साक्षीच्या वेळी तो पत्ता मी मुद्दाम मोठ्या टाइपात छापून घेतला, कारण ज्या गोष्टीने फिर्यादी फसला ती न्यायाधीशांच्याही डोळ्यांना दिसली पाहिजे.

पैसे ज्या खात्यात गेले त्याचा खातेदार बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. त्याला दुसऱ्या राज्यातून ट्रान्झिट रिमांडवर, म्हणजे तिथल्या न्यायालयाच्या परवानगीने ताब्यात घेऊन, आणले, तेव्हा त्याच्या अंगावर कंपनीचा गणवेश होता. त्याच्या वकिलांचा बचाव सरळ होता: नोकरी लावतो म्हणून कोणीतरी त्याच्याकडून कागदपत्रे घेतली, खाते उघडून एटीएम कार्ड आणि सिमकार्ड काढून नेले, तेव्हा फसवला गेला तो हाच. हा बचाव मी कधीही हसण्यावारी नेत नाही. अशी फसलेली मुले खरोखरच असतात, आणि त्यांना तुरुंगात पाठवणे हे माझे काम नाही. खाते भाड्याने दिले एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा शाबीत होत नाही. पैसा कसला आहे याची त्याला जाणीव होती, हे दाखवावे लागते.

ते दाखवले एका रोखपालाने. रक्कम जमा झाली त्याच दिवशी दुपारी हा मुलगा स्वतः शाखेत गेला होता आणि दोन लाख रुपये काढण्यासाठी त्याने स्लिप भरली होती. अक्षरी रकमेच्या जागी त्याने आधी चुकीचे लिहिले, मग खोडले, वर पुन्हा लिहिले आणि शेजारी सही केली. रोखपालाने एवढे पैसे कशाचे म्हणून विचारले, तेव्हा "जमीन विकली" असे सांगितले. त्याच्या नावावर किंवा घरच्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता. ज्या खटल्यात आयपी पत्ते, सर्व्हरच्या नोंदी आणि कॉलचे तपशील मिळून दोनशे पाने होती, तो खटला शेवटी बॉलपेनाने खोडलेल्या एका शब्दावर उभा राहिला. त्या स्लिपेबरोबर खातेउताऱ्याची जी छापील प्रत निशाणी झाली (पुरावा म्हणून नोंदली गेली), ती ज्या कायद्यानुसार दाखल केली तो बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट १८९१ सालचा आहे. संगणकातून काढलेल्या प्रतीसाठी त्यात २००० साली कलम २-अ घातले गेले, हे मात्र बँकांच्या शाखांतून अजूनही समजावून सांगावे लागते.

तो रोखपाल दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आला होता. जेवणाच्या सुट्टीत तो बाहेरच्या बाकावर बसून डबा खात होता आणि भाकरी कुठे चांगली मिळेल असे पैरवी हवालदारांना, म्हणजे न्यायालयात खटल्यांची कामे पाहणाऱ्या पोलिसांना, विचारत होता. साक्षीदारांचा भत्ता किती मिळतो हे मी येथे लिहिणार नाही.

कायद्याचा सांगाडा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख वापरण्याचे कलम ६६-सी आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्याचे कलम ६६-डी ही २००८ च्या दुरुस्तीने आली. दोन्हींना जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि एक लाख रुपये दंड आहे, आणि कलम ७७-ब मुळे तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे हे गुन्हे जामीनपात्र आहेत. आयुष्याची पुंजी गेलेल्या माणसाला हे पचत नाही, पण वाक्य स्पष्ट आहे. म्हणून पोलीस सोबत फसवणुकीचे कलम लावतात, पूर्वी भारतीय दंड संहितेचे ४२० आणि आता भारतीय न्याय संहितेचे ३१८(४), ज्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग जामिनाच्या अर्जावर बचाव पक्ष मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा गगन हर्ष शर्मा निकाल पुढे करतो, ज्यात विशेष कायद्यात सामावलेल्या कृत्यासाठी त्याच आरोपांवर दंड संहितेची कलमे लावता येणार नाहीत असे म्हटले आहे. आणि आमच्या हातात सरकार पक्षाचे म्हणणे लिहायला अर्धा तास असतो. अशा वेळी कोणती वस्तुस्थिती कोणत्या कलमात बसते हे वेगवेगळे दाखवता आले तर टिकाव लागतो. 'गुन्हा गंभीर आहे' एवढेच लिहिले तर लागत नाही. पूर्वी असा वाद वरच्या न्यायालयात गेला की दप्तर मुंबईला जाई. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) येथेच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले आहे, त्यामुळे आता दप्तर बावड्याहून भाऊसिंगजी रोडपर्यंतच जाते. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्यासाठी येथील वकिलांनी आंदोलने केली, त्याचा फायदा असा एखाद्या फाइलच्या प्रवासात दिसतो.

छाननीत मी सर्वांत आधी पाहते ते मात्र वेगळेच असते. कलम ७८ प्रमाणे या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. ग्रामीण भागातील अनेक पोलीस ठाण्यांचे प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक असतात, आणि कामाच्या रेट्यात पंचनामे, जबाब, जप्ती सगळे त्यांच्या किंवा उपनिरीक्षकांच्या सहीने होऊन जाते. दोषारोपपत्राच्या शेवटी निरीक्षकांची सही असते, पण उलटतपासात "आपण स्वतः काय केले?" हा एकच प्रश्न पुरतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एटीएम कार्ड बदलून पैसे काढल्याचा एक खटला होता. वृद्ध माणसाला मदत करण्याचा बहाणा, हातचलाखीने कार्डाची अदलाबदल आणि मग दुसऱ्या चौकातील यंत्रातून रोख रक्कम, असा साधा प्रकार होता. यंत्रावरील कॅमेऱ्याचे चित्रीकरण इतके स्वच्छ होते की आरोपीच्या शर्टाच्या खिशातील पेनाची टोपीसुद्धा दिसत होती. बँकेने त्याची सीडी दिली, पोलिसांनी ती पंचनामा करून जप्त केली, आणि मी ती दाखल करायला उभी राहिले. बचाव पक्षाच्या ज्येष्ठ वकिलांनी बसल्या जागेवरूनच विचारले, "पासष्ट-ब कुठंय?"

ते नव्हते. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत तिच्या खरेपणाचे प्रमाणपत्र मागणारे पुरावा कायद्याचे कलम ६५-ब २००० सालापासून होते, पण २००५ च्या नवज्योत संधू निकालानंतर ते प्रमाणपत्र नसले तरी चालते असा सर्वांचा समज झाला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात तो समज मोडून काढला; इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवेच. तो निकाल मी वाचला होता. नाही असे नाही. पण दप्तरात ते पान नाही हे दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी पाहायला हवे होते आणि मी ते पाहिले नव्हते. बँकेकडे पुन्हा पत्र पाठवले तोवर मूळ चित्रीकरण यंत्रातून पुसले गेले होते, आणि जो अधिकारी प्रमाणपत्र देऊ शकला असता त्याची बदली झाली होती. आरोपी सुटला. निकालानंतर फिर्यादी आजोबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, टीव्हीवर तर त्योच दिसला की ओ." मी त्यांना कलम समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि जाताना पुन्हा तेच वाक्य म्हटले.

हा प्रश्न पुढे ज्या खटल्याने मार्गी लावला तो आपल्याच राज्यातला आहे, आणि तो फौजदारीही नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, आणि त्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला अशी तक्रार कैलास गोरंट्याल यांनी केली. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील कॅमेऱ्याचे चित्रीकरण हा त्यातला मुख्य पुरावा, आणि प्रमाणपत्र द्यायला अधिकारी तयार होईनात. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयात आणले नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण ते मागूनही कोणी देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येते, आणि योग्य प्रकरणात खटला संपण्यापूर्वी नंतरही दाखल करता येते. हा निकाल काही वर्षे आधी आला असता, तर मी तो अर्ज केला असता, असे मी स्वतःला सांगत असे. खरे पाहता पुसले गेलेले चित्रीकरण कोणत्याच अर्जाने परत येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. जुने खटले जुन्या कायद्याने, नवे नव्या, त्यामुळे एकाच दिवसाच्या बोर्डावर सकाळी पासष्ट-ब आणि दुपारी त्रेसष्ट असे चालते. नव्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे: भाग अ ज्याच्या ताब्यात उपकरण होते त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, यावर प्रत्येक न्यायालयात थोडी थोडी झटापट होते. नमुन्यात हॅश व्हॅल्यूचा रकाना आहे, हे मला मनापासून आवडले. हॅश म्हणजे त्या फाइलवर गणिताने मारलेली लाखेची मोहोर; फाइलमधील एक स्वल्पविराम बदलला तरी मोहोर पूर्णपणे वेगळी उमटते.

मात्र ही मोहोर तोंडी सांगायची वेळ आली की पंचाईत होते. एसएचए-२५६ या पद्धतीने निघणारी हॅश चौसष्ट चिन्हांची असते, शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे. एका साक्षीत बचाव पक्षाने आग्रह धरला की साक्षीदाराने ती वाचून दाखवावी. साक्षीदाराने वाचली, लघुलेखकाने टंकली, पंख्याचा आवाज, बाहेर पुकारा, आणि पुढच्या तारखेला वकीलसाहेब हसत हसत उभे राहिले: जबाबातील एकेचाळिसावे चिन्ह 'डी', प्रमाणपत्रात 'बी'. म्हणजे फाइल बदलली! सुदैवाने जबाब साक्षीदाराला वाचून दाखवणे आणि चूक दुरुस्त करणे याची तरतूद कायद्यातच आहे, आणि न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिलीच्या टोकाने एकेक चिन्ह मोजले. त्या दहा मिनिटांत न्यायालयात कोणी बोलले नाही. तेव्हापासून मी साक्षीदाराला हॅश वाचायला न सांगता "प्रमाणपत्रातील हॅशचा रकाना मी पाहिला, तो बरोबर आहे" एवढेच वदवून घेते.

मूळ उपकरण आणा म्हणजे प्रमाणपत्राची भानगड नको, असे तरुण पोलीस अधिकारी कधी कधी सुचवतात. त्यांना मी मुद्देमाल खोलीतील एका हँडसेटची हकीकत सांगते. जप्तीनंतर चार वर्षांनी खाकी लिफाफ्याचे सील न्यायालयासमोर फोडले, तेव्हा आतल्या फोनची बॅटरी फुगून पाठीमागचे झाकण उचकटले होते आणि पडद्याला मधोमध तडा गेला होता. मुद्देमाल कारकुनाने तो लिफाफ्यासकट टेबलाच्या कडेला सरकवला आणि स्वतः दोन पावले मागे झाला. तो फोन सुरू करण्याचा प्रश्नच नव्हता. न्यायवैद्यक प्रयोगशाळेने वेळेवर घेतलेली प्रतिमा, म्हणजे फोनमधील माहितीची तंतोतंत प्रत, आणि तिचे प्रमाणपत्र होते म्हणून खटला वाचला.

हातापर्यंत पोहोचलो तरी डोक्यापर्यंत पोहोचत नाही, ही या कामातील खंत आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला वाचकांना आठवत असेल. सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातील ७८ कोटी २८ देशांतील यंत्रांतून काढले गेले, आणि भारतात जी सुमारे अडीच कोटींची रोकड बनावट कार्डांनी निघाली त्यात कोल्हापुरातील एटीएमही होती. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ती शिक्षा मिळवणे सोपे नव्हते, आणि ज्यांनी ती मिळवली त्या सहकाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण कार्ड यंत्रात घालणारे हात एवढ्या मोठ्या साखळीचे शेवटचे टोक असतात. माझ्या फाउंड्रीच्या खटल्यातही तो मुलगा दोषी ठरला आणि 'एम'च्या जागी 'आर-एन' बसवणारा आजही दोषारोपपत्रात 'अनोळखी इसम' आहे. अकरा लाखांपैकी दुसऱ्या खात्यात गोठवलेले एक लाख पंच्याऐंशी हजार तेवढे फाउंड्रीला परत मिळाले. अकाउंटंटने तीन दिवसांऐवजी तीन तासांत तक्रार केली असती, तर यापेक्षा बरीच अधिक रक्कम अडवता आली असती. आता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला की बँकांना लगेच कळवण्याची सोय आहे आणि त्यात पहिल्या काही तासांचेच मोल आहे.

गेल्या महिन्यात एका खटल्यात फिर्यादीचीच साक्ष होती. नव्या प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स आता मोबाइलवरही पाठवता येते, तसे ते पाठवले होते. ठरलेल्या तारखेला आरोपी हजर, त्यांचे वकील हजर, फिर्यादी नाहीत. पैरवी हवालदारांनी फोन लावला, तो उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा लावला तर नंबर ब्लॉक. संध्याकाळी पोलीस ठाण्यातून माणूस त्यांच्या घरी गेला तेव्हा खुलासा झाला. त्यांनी समन्स पाहिले होते. न्यायालयाचे नाव, कलमे, तारीख, 'हजर न राहिल्यास वॉरंट' हे सगळे वाचून त्यांची खात्री पटली की मागच्या वेळी अटकेची भीती घालणारे तेच लोक पुन्हा आले आहेत. या वेळी ते शहाणे झाले होते, म्हणून त्यांनी नंबर ब्लॉक केला आणि १९३० वर तक्रारही नोंदवली.

मी न्यायाधीशांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रोजनाम्यात पुढची तारीख घातली. त्या तारखेचे समन्स हवालदार कागदावर, गोल शिक्का मारून, घरी घेऊन गेले. फिर्यादींनी आधी हवालदारांचे ओळखपत्र मागितले, त्यावरचा नंबर ठाण्यात फोन करून पडताळला आणि मगच सही केली.